शिडाचं चाक

माझ्या हातून लाकूड कधी वाकडं कापलं गेलं नाही. जिभेचं मात्र तसं छातीठोक सांगवत नाही.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. बद्रीनाथ भोई पुरात गेला आणि गोदावरीवरची त्याची नाव बायकोच्या, सोनूबाईच्या, गळ्यात पडली. गळ्यात पडली असंच म्हणायचं, कारण तिचं शीड चढवायला-उतरवायला दोन गडी लागत. दीर भुजंग म्हणाला, "मला न्हाई जमायचं. वैनीलाच घेऊ द्या." मोठा दिलदार!

सोनूबाई वर्षभर त्या शिडाशी झगडली. दोर डोलकाठीच्या बेचक्यात अडकायचा, वारा फिरला की शीड खाली येता येईना. तळहात सोलून निघाले. मग एक दिवस ती माझ्या दारात आली.

"कचरूदादा, मोटेला चाक ऱ्हातं ना, तसलं बारकं चाक करून द्या. काठीच्या शेंड्याला बसवते. अन् दोराचं टोक मागं माझ्यापाशी आणते. सुकाणू न सोडता शीड उतरलं पायजे."

मी हसलो. पण बाभळीचं चाक करून दिलं. पहिल्याच दिवशी शीड एका हातानं सरसर चढलं, तसंच उतरलं. तीर्थपुरीच्या बाजाराला निघालेली माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली.

भुजंगही बघत होता. महिन्याभरात त्यानं गाव गोळा केलं. "आता काय, शेंबडं पोरगंबी हाकील. भावाची नाव माझीच."

काकासाहेब पाटील म्हणाले, "पण ही अक्कल कुणाची? तिची असंल तर नाव तिच्याकडंच ऱ्हाईल."

"माझी," सोनूबाई म्हणाली. बाप्ये हसले. पाटलांनी मला विचारलं. सगळ्या गावाचे डोळे माझ्यावर. वीस वर्षांत मला कुणी चारचौघांत काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चाक म्या केलं."

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त नीच होतं. "बराबर, बाईमाणसाचं डोकं न्हाई हे," म्हणत पाटलांनी माझी पाठ थोपटली. आणि माझी छाती फुगली, लाज वाटते सांगायला.

नाव भुजंगची झाली. सोनूबाई रडली नाही, भांडली नाही. जाताना माझ्यापाशी थांबली.

"चाक चांगलं झालंय, दादा. तेवढं एरंडेल घालीत जा म्हणावं भावजींना. न्हाईतर चाक अडकून भर वाऱ्यात दोर तुटंल, अन् माणसं बुडतील."