शेवटच्या बाकावरचा नंबर

मी डबा बोलतोय. मूळचा बिस्किटांचा, बिस्किटं कधीच संपली. बाईंनी मला धुतलं, पुसलं आणि वर्गात आणलं. तेव्हापासून माझ्या पोटात चिठ्ठ्या.

धडा लवकर संपला आणि घंटेला पाच मिनिटं उरली, की बाई मला बाकावर द्यायच्या. चिठ्ठी काढायची आणि त्यातला खेळ खेळायचा. डोळे मिटून आवाज ओळखा, शेजाऱ्याचं कौतुक करा, असले. घंटा झाली की मी असेन त्याच बाकावर माझा मुक्काम. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. भांडणं नकोत म्हणून बाईंचा हा नियम. मुलं तो कसोशीने पाळायची. गृहपाठाचं मात्र विचारू नका.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. बोलताना अडखळायची, म्हणून बोलायचीच नाही. एकदाचा मी तिच्यापर्यंत पोचलो. तिने चिठ्ठी काढली : खिडकीतून दिसणारी एक वस्तू नाव न घेता सांग, बाकीचे ओळखतील. ती उभी राहिली. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"आता घंटा होईल गं. तुझी घाई नको व्हायला. उद्या तुझ्यापासूनच सुरू करू, सावकाश."

बाईंचं मन चांगलं, पण तिथंच चुकलं. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले आणि ती माझ्यावर वाकून सराव करत बसली. "ती उ... उंच आहे. तिच्या पोटात पाणी असतं, पण ती पीत नाही." शेवटी शेवटी ती जवळजवळ न अडखळता बोलली. मला कोण आनंद झाला!

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. घशाचं ऑपरेशन निघालं म्हणे. त्या परत आल्याच नाहीत. त्यांच्या जागी सर आले. त्यांचाही धडा लवकर संपला. ती आपणहून उभी राहिली.

"स... सर, माझा नंबर आहे."

आख्खा वर्ग मागे वळला. तिचा आवाज त्यांनी कधी धड ऐकलाच नव्हता.

"खरंच आहे तिचा नंबर, सर," पुढून कुणीतरी म्हणालं.

"कसला नंबर? बस खाली. उदाहरणं सोडवा सगळे. आणि तो डबा ठेव कपाटात."

तिनेच मला ठेवलं. चिठ्ठीची घडी घालून सगळ्यांत वर ठेवली आणि झाकण दाबून लावलं. त्यानंतर कपाटातून मी बाकी सगळ्यांचे आवाज ऐकले, तिचा नाही. आता तो वर्गही वरच्या मजल्यावर गेला.

मला गंज चढतोय, त्याचं काही नाही. उद्या मला कुणी उघडलंत, तर पहिल्या बाकापासून सुरू करू नका, एवढंच मागणं. आधी तिला शोधा. ती पाण्याच्या टाकीबद्दल सांगणार आहे, आणि तिला थोडा वेळ लागेल.