दम हाय

दोन्ही हातांनी दार ढकलून पारी आरोग्य कक्षाच्या मधोमध उभी राहिली.

"बघा सिस्टरबाय, खालच्या गेटापासून पळत आले. कुठं काय झालं मला?"

नूतन सिस्टरनं मान वर केली. बाई पन्नाशीची, पण श्वास अगदी संथ. आदिवासी वाडीवरची ही पारी बारा वर्षं विद्यापीठाच्या रोह्याजवळच्या संकुलात, रसायनाच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवत होती. गेल्या आठवड्यातल्या कर्मचारी तपासणीत तिच्या कागदावर 'दमा, तीव्र' असं पडलं आणि ठेकेदारानं तिला घरी बसवलं. अ‍ॅसिडच्या वाफेत दम्याचं माणूस कोण ठेवणार?

"मी तुला विचारलं होतं, दम आहे का? तू काय म्हणालीस?"

"हाय म्हनले. लय हाय म्हनले. दम नाय म्हनल्यावर कामावर कोन ठेवील, बाय?"

म्हणजे तिनं 'दम'चा अर्थ ताकद असा घेतला होता. त्या दिवशी साठ माणसं रांगेत होती. पेणहून येणारे डॉक्टर वडखळच्या वाहतूक कोंडीत अडकले, चार वाजता उगवले आणि उभ्याउभ्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून गेले. फुंकर मारून छाती तपासायचं यंत्र तर दिवाळीपासून बंद. साठही जणांचे आकडे नूतननं मनानंच भरले होते, पारीचे जरा कमी. आता एक कागद दुरुस्त करायला काढला, तर बाकीचे एकोणसाठ कुणीतरी उघडणारच. तिची स्वतःची नेमणूकही अकरा महिन्यांची. तिला पारीची दया आली, पण स्वतःची जास्त आली.

"बस. तुला औषध देते."

"मला कशाला?"

"कागदावर आहे ना. उपचार घेतल्याची नोंद झाली की पुढचं बघता येईल."

'दम्याचे उपचार सुरू' या ओळीपुढे पारीनं अंगठा उठवला. नूतननं कपाटातला पंप काढला, तोंडात कसा धरायचा, कसा दाबायचा, ते नीट शिकवलं. शिकवण्यात तिनं काहीच कसूर ठेवली नाही.

"मंग कामावर कधी येऊ?"

"हा संपला की ये."

काहीतरी सांगायचं म्हणून ती बोलून गेली. पारीनं मात्र मान डोलावली, पंप पदरात घेतला आणि उपकार झाल्यासारखे हात जोडून बाहेर पडली.

सहलीसाठी तंदुरुस्तीचा दाखला मागायला साईराज नावाचा विद्यार्थी आला. त्याच्याकडे न बघताच नूतननं शिक्का मारला. तो गेल्यावर खिडकीखालून आवाज आला, फुस्स. थोड्या वेळानं पुन्हा. मग लागोपाठ चारदा.

तिनं वाकून पाहिलं. पारी पायरीवर बसली होती. पंप कानाशी हलवून आत अजून किती उरलंय याचा अंदाज घेत होती. एवढ्या औषधानं तिचे हात आता लटलट कापत होते, तरी तिनं तो पुन्हा तोंडाला लावला.

नूतननं हलक्या हातानं खिडकी ओढून घेतली.