नाव न सांगता टाकलेला मंत्र

प्रफुल्लने चैतालीचा मंत्र लागोपाठ दुसऱ्यांदा अडवला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागून तोंडभर हसला. टेबलावर नकाशा मांडून, एकेक पात्र घेऊन खेळायचा हा फाशांचा खेळ तोच चालवायचा. शत्रूच्या जादूगाराचे फासेही तोच टाकायचा.

"वाया गेला. पुढे?"

नकाशावर शोएबचा योद्धा आडवा पडला होता. जिवाचा फासा आणखी एकदा उलटा पडला की तो मेलाच. आणि गंगापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये प्रफुल्लचा कायदा होता: ज्याचं पात्र मेलं, त्याने खुर्ची सोडायची. त्या खुर्चीवर प्रफुल्लचा मावसभाऊ डोळा ठेवून होता. त्यात मागच्या रविवारी शोएब सगळ्यांसमोर बोलून बसला होता, "भाई, तुझा जादूगार सासू-सुनेच्या सिरियलसारखा बोलतो." महिनाभर खपून रचलेला जादूगार! आज प्रफुल्लने सगळा मारा शोएबवरच केला.

"राहू दे गं चैताली," शोएब म्हणाला. "याला माझा जनाजाच काढायचाय."

"रडगाणं नको," प्रफुल्ल म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

चैताली विचारात पडली. अडवलेला मंत्रही खर्ची पडतो. जखम भरणारा मंत्र तिच्याकडे आता एकदाच उरला होता, आणि जादूगारालाही अडवायची ताकद एकदाचीच उरली होती. पण मघाशी तिने दिवा पेटवायचा फुटकळ मंत्र टाकला, तेव्हा त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. अडवले ते नेमके मोठेच. त्याला कसं कळायचं?

ती स्वतःच सांगत होती की! रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना हाडात भिनलेली सवय: बाटलीवर आधी नाव, मग ओतणं. इथेही ती मंत्राचं नाव मोठ्याने सांगायची आणि मग टाकायची.

तिने मंत्राचं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"स्पेल टाकतेय."

"कुठला?"

"तुझ्या जादूगाराला फक्त माझे हात हलताना दिसतायत. अडवायचं की नाही ते आधी ठरव."

"असं कुठे असतं?"

खेळातल्या चौथ्या खुर्चीवरच्या पिंकीने नियमांचं पुस्तक उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "इथे असतं. तूच विकत आणलंयस ना?"

प्रफुल्लने पान दोनदा वाचलं. मग चैतालीकडे रोखून पाहिलं. तिची बोटं थरथरत होती. लपवायला जावं तर जास्तच.

"खोटं बोलताना तुझे हात कापतात," तो म्हणाला. "मी दिव्यावर माझी ताकद उधळायची आणि तू मागून औषध देणार. मला येडा समजलीस? नाही अडवत. जा, लाव तुझा दिवा."

तिने कार्ड उलटलं. जखम भरणारा मंत्र होता.

पिंकी फिस्सकन हसली. प्रफुल्लचे कान लाल झाले.

"ही चीटिंग आहे."

"चीटिंग नाही," चैताली म्हणाली. "इतके दिवस तुला फुकटची माहिती मिळत होती. आज मिळाली नाही."

शोएबने योद्धा उभा केला. "माझी पाळी. फासा दे."

"पुढच्या रविवारी बघतो, किती टिकतोस ते."

प्रफुल्लने फासा दिला नाही, भिरकावला. तो टेबलावर आपटून सोफ्याखाली गेला. कुणीच वाकलं नाही.

शोएबने सोफ्याकडे पाहिलं, मग प्रफुल्लकडे. खुर्चीवरून तो जराही हलला नाही.

"पिंकी," तो म्हणाला, "तुझा फासा दे."