पाणी संपलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना समोवार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला समोवार आहे. गोड गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या खोक्यातल्या बशांना विचारा. त्यांना सगळं छानच वाटतं.

समोवार माहीत नसेल तर सांगतो. पितळी पोट, मधोमध निखाऱ्यांची नळी, पुढे तोटी आणि डोक्यावर झाकण. तुमच्या पणजोबांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा ना, त्याचाच मी धाकटा चुलतभाऊ. फक्त माझं पाणी अंगावर घ्यायचं नाही, चहात घ्यायचं.

माझा जन्म रशियातला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून ठोकून गोल केलं, माझ्या छातीवर शिक्का मारला आणि मला आगगाडीत चढवलं. पुढे मालमोटारीनं घाट ओलांडून मी कोक-आर्चाला आलो. किरगिझ डोंगरातलं हे गाव. गावात माणसं नऊशे आणि मेंढ्या किती ते मेंढ्यांनाच ठाऊक. सामुदायिक शेतीच्या कचेरीत मला खिडकीपाशी मानाची जागा मिळाली. "असा समोवार अख्ख्या तालुक्यात नाही," असं जो तो म्हणायचा. मीही फुगून जायचो. तरुण होतो, अक्कल कमी होती.

पहिल्यांदा माझं डोकं फिरलं ते एका आठ मार्चला. महिला दिन होता. सैदे नावाच्या दूध काढणाऱ्या बाईला पदक मिळालं होतं. तिला मंचावर बसवलं, हार घातला. कचेरीच्या साहेबांनी 'स्त्री हीच आपली खरी शक्ती' यावर पाऊण तास भाषण ठोकलं. टाळ्या झाल्या. मग साहेब तिच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सैदे, चहाचं बघ ना जरा." ती उठली. छातीवर पदक आणि हातात किटली! त्या दिवशी तिला एक शब्दही बोलायला मिळाला नाही. तिच्याच सत्काराला, मित्रांनो!

पुढे सामुदायिक शेती मोडली, झेंडा बदलला, भिंतीवरची चित्रं बदलली. कचेरीत आता गावाची पंचायत बसू लागली. मी तिथेच होतो आणि चहा ओतणारी बाईच होती. तेवढं मात्र कुणाला बदलावंसं वाटलं नाही.

मग वरून फर्मान आलं की पंचायतीत बायकाही हव्यात. नऊ जणांत तीन बायका निवडून आल्या. मला वाटलं, चला, आता काहीतरी होणार. कपाळ माझं! पंचायतीचा प्रमुख एसेनगुल यानं निवडणुकीच्या आधीच तीन राजीनामे टाईप करून ठेवले होते. 'घरगुती कारणास्तव'. खाली फक्त सही करायची. तो त्या बायकांकडे गेलाच नाही. एकीच्या नवऱ्याकडे गेला. "बायको पुढारी झाली तर घरात पीठ कोण मळणार रे?" म्हणाला. दुसरीच्या सासूकडे गेला. "सुनेला पुरुषांत बसवणार का तुम्ही?" म्हणाला. दोन सह्या झाल्या. त्या दोन खुर्च्यांवर पुढच्या महिन्यात त्याचा मेहुणा आणि त्याचा मावसभाऊ बसले. या बायकांचं घरगुती कारण कसं एसेनगुलच्याच घरातलं निघालं पाहा.

तिसरी होती बुरुल. ती गुरांची डॉक्टरीण. घरोघरी जाऊन मेंढ्यांना सुया टोचायची, अडलेल्या गाई सोडवायची. तिच्यापुढे त्यानं कागद ठेवला तेव्हा मी समोरच होतो.

"एवढी सही कर, बुरुल. घरगुती कारण आहे, कुणी काही विचारणार नाही."

बुरुलनं कागद वाचला. "माझ्या घरात मी, माझा नवरा आणि एक गाढव आहे, बायके. तिघांचीही काही अडचण नाही."

एसेनगुलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो तिच्याहून मोठा, म्हणून ती त्याला 'बायके' म्हणायची, मोठा भाऊ. भाऊ कसला!

सही दिली नाही, म्हणून बुरुल पंचायतीत राहिली. पण कुठे? दाराजवळ, माझ्या शेजारी. दारासमोरची आतली जागा वडीलधाऱ्यांची आणि दाराकडची सुनांची, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आणि जी माझ्या शेजारी बसते, तिनंच ओतायचं.

आता आमच्याकडचं ओतणं म्हणजे काय ते ऐका. वाडगा कधीच पूर्ण भरायचा नाही. दोन घोट चहा घालायचा. पाहुणा पितो, वाडगा परत देतो, पुन्हा दोन घोट. तुम्ही आम्हाला हवे आहात, बसा, असा त्याचा अर्थ. काठोकाठ भरलेला वाडगा दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि चालते व्हा. रीत चांगलीच आहे, मी रीतीला नावं ठेवत नाही. पण आठ पुरुष दोन दोन घोट पीत दोन तास बसले, तर ओतणारीनं तोंड कधी उघडायचं? बुरुल "माझं म्हणणं असं" म्हणाली, की तीन वाडगे तिच्यासमोर यायचे. मत द्यायला हात वर करायचा, तर हातात किटली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

असाच वसंत आला आणि दवाखान्याचा विषय निघाला. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि एक परिचारिका. तो बंद करायचा आणि ती जागा एसेनगुलच्या त्याच मेहुण्याला बिलियर्डसाठी द्यायची, असं घाटत होतं. "तरुणांना विरंगुळा नको का?" म्हणे. मोठा दवाखाना घाटापलीकडे, चाळीस किलोमीटर. हिवाळ्यात घाट महिना महिना बंद.

बुरुल त्या दिवशी तयारीनं आली होती. खिशात कागद होता. तिनं घसा खाकरला आणि तेवढ्यात एसेनगुल म्हणाला, "बुरुल, समोवारातलं पाणी संपलं गं. ओढ्यावरून एक बादली आण ना."

खोटं! मित्रांनो, साफ खोटं! मी गळ्यापर्यंत भरलेला होतो. माझ्या पोटात किती पाणी आहे ते मला कळणार नाही तर कुणाला? मी झाकण खडखडवलं, वाफ सोडली, तोटीतून टपटप गळूनही दाखवलं. कोण लक्ष देतं? बुरुल बादली घेऊन गेली. दार बंद होताच एसेनगुल म्हणाला, "हं, हात वर करा पटकन." आठ हात वर झाले. कारकुनानं लिहिलं, 'एकमताने मंजूर'.

ती परत आली तेव्हा सगळे कुरुतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट गोळे चघळत छताकडे बघत होते.

"विषय झाला," एसेनगुल म्हणाला. "पुढचा घेतोय."

बुरुलनं माझं झाकण उचललं. पाणी काठाशी टेकलेलं होतं.

"बायके, हा तर भरलेला आहे."

"हो का? मला वाटलं संपलं. एवढं काय मनावर घेतेस? ओत चहा."

आणि तिनं ओतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि माझ्या बाबतीत ती खरोखरच जाते. एवढी धीट बाई, तिनं बादली त्याच्या डोक्यावर का नाही उपडी केली? पण बुरुलचा राग माझ्यासारखा बडबड्या नव्हता.

जागेच्या करारावर सही करण्याआधी तो गावासमोर वाचून पंचांची पुन्हा मतं घ्यावी लागतात. त्याला दहा दिवस होते. मेंढ्यांच्या लसीचे दिवस होते. बुरुल घरोघरी गेली आणि प्रत्येक गोठ्यात मेंढीला सुई टोचता टोचता तिनं त्या घरच्या बाईला पाण्याची गोष्ट सांगितली. सभेच्या दिवशी दाराकडची बाजू बायकांनी गच्च भरली. एरवी "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणणाऱ्या सगळ्या आल्या होत्या.

"हा काय बाजार भरलाय?" एसेनगुल म्हणाला.

"दवाखाना विकताय म्हणून कळलं," मागून एक म्हातारी म्हणाली. "म्हटलं, भाव तरी ऐकावा."

हशा पिकला. एसेनगुलनं रागानं वाडगा पुढे सरकवला. "ओत, बुरुल."

बुरुलनं त्याचा वाडगा घेतला. किटलीतला चहा घातला, दूध घातलं, माझी तोटी उघडली आणि उघडीच ठेवली. वाडगा काठोकाठ भरला. तिनं तो दोन्ही हातांनी, मान लववून त्याच्यासमोर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. आठही वाडगे तिनं काठोकाठ भरले.

पंचांत सगळ्यांत वडीलधारे ओरोझाली अता, म्हणजे ओरोझाली आजोबा. पांढरी दाढी वाडग्यावर झुकवून ते म्हणाले, "सूनबाई, हे काय? आम्हाला जायला सांगतेस?"

"नाही अता, बसा. आता पुन्हा पुन्हा ओतावं लागणार नाही एवढंच. माझे हात मोकळे झाले. आता मी बोलते."

"भरलेला वाडगा! मला! माझ्याच कचेरीत!" एसेनगुल ताडकन उठला, टोपी उचलली आणि दार आपटून बाहेर गेला.

पंचांतला एक जण पुटपुटला, "बुरुल, बरी संधी आहे. घे आत्ताच मतं, तो आत नाही तोवर."

मी म्हटलं, घे, घे! जशास तसं! मी असतो तर दाराला आतून कडीही घातली असती.

"नाही," बुरुल म्हणाली. "बोलावून आणा त्यांना. माझ्या पाठीमागे तुम्ही हात वर केलेत. मी कुणाच्या पाठीमागे करायला सांगणार नाही."

आत जागा न मिळाल्यानं बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी त्याला वाट दिली ती फक्त आत यायला. तो येऊन बसला. बुरुलनं खिशातला कागद काढला, पण वाचला नाही.

"मेंढी अडली तर गावात मी आहे," ती म्हणाली. "बाई अडली तर कोण आहे? गेल्या हिवाळ्यात आइमानची सून घाटात बर्फात अडकलेल्या गाडीत बाळंत झाली. हात माझे होते. मेंढ्यांत घालायचे हात. ते मूल जगलं, ते नशिबानं. एक परिचारिका आहे आपल्याकडे, एक खाट आहे. तीही तुम्हाला बिलियर्डला हवी? बायकांचा प्रश्न आहे म्हणून हसू नका. तुम्ही सगळे काय मेंढ्यांच्या पोटी आलात?"

दाराकडून कुणीतरी जोरात "बरोबर!" म्हणालं. मग सगळ्याच म्हणाल्या.

ओरोझाली अता काठी टेकत उभे राहिले. "माझी पहिली बायको त्याच घाटात गेली. पोटातल्या पोरासकट. चाळीस वर्षं मी म्हणत आलो, देवाची मर्जी. देवाची कसली मर्जी? दवाखाना नव्हता." आणि त्यांनी हात वर केला. बुरुलचा हात वर होताच. मग आणखी तीन हात हळूहळू वर आले. पाच विरुद्ध चार. दवाखाना राहिला.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. माणसं उठू लागली, पण बुरुल कारकुनापाशी गेली. "काय लिहिलंस ते वाच बघू."

कारकून चाचरत वाचू लागला. "ज्येष्ठ सदस्य ओरोझाली यांच्या सूचनेवरून दवाखाना कायम ठेवण्याचे ठरले. सदस्या बुरुल यांनी चहापानाची व्यवस्था पाहिली."

ऐकलंत? दहा दिवस पायपीट तिची, शब्द तिचे, घाटातले ते हात तिचे, आणि वहीत काय, तर चहापान! शंभर वर्षांनी कुणी ती वही उघडली असती तर बुरुल त्याला एवढीच दिसली असती. सैदेही कुठल्यातरी वहीत अशीच बसली असेल.

"खोड ते," बुरुल म्हणाली.

"अहो, शाईनं लिहिलंय."

"मग नवीन पान घे. मला घाई नाही." आणि ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

कारकून एसेनगुलकडे बघायला लागला. पण दारातून ओरोझाली अता परत वळले. "माझं नाव काढ त्यातून," ते म्हणाले. "सूचना तिची आहे. मी फक्त हात वर केला, आणि तोही चाळीस वर्षं उशिरा."

कारकुनानं नवीन पान घेतलं.

त्यानंतर आठवड्याभरात कचेरीत विजेची किटली आली आणि या सगळ्याचा दोष माझ्या तोटीवर ठेवून एसेनगुलनं मला अडगळीच्या खोलीत टाकलं. माझं पितळ काळं पडलंय, नळीत कोळ्यानं घर केलंय. पण मला घासूनपुसून ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. मी एक भांडं आहे. माझी जपणूक नाही झाली तर चहा जरा उशिरा मिळेल, बाकी काही बिघडत नाही.

तुम्ही सभेला जाल तेव्हा कोण बोलतंय ते सगळेच बघतील. तुम्ही कोण ओततंय ते बघा. तिला काही म्हणायचं असेल तर तिच्या हातातली किटली काढून घ्या. आणि हे मी मुलींना नाही, मुलांना सांगतोय. चहा ओतायला फार काही लागत नाही, साठ वर्षं मी अगदी जवळून पाहिलंय. एक मनगट लागतं. ते तुम्हालाही आहे.