अकरा प्रतिज्ञापत्रं आणि मालनबाई

दिगंबरपंतांनी अकरा प्रतिज्ञापत्रं तयार केली, आणि अकराच्या अकरा एकाच मजकुराची. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस दुसरं काय करणार? नमुना एकदा पक्का झाला की नाव-पत्ता बदलायचा, बाकी अक्षर हलवायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. रविवारी सकाळी त्यांनी सोसायटीतल्या अकरा जणांना दात घासायच्या आत गाठलं, सोमवारी सगळ्यांना नोटरीपुढे उभं केलं आणि दुपारी शिक्के मारलेला गठ्ठा मुलीपुढे ठेवला. 'सदर दांपत्य सुखासमाधानाने नांदत असल्याचे मी समक्ष पाहिले आहे.' समक्ष म्हणे! कर्वेनगर कोथरूडपासून दहा मिनिटांवर, पण दुसऱ्या मजल्यावरचे रामदासकाका सुनीतीच्या लग्नानंतरच्या तिथल्या फ्लॅटवर एकदाही फिरकले नव्हते.

"बघ, कशी झालीत," बाबा म्हणाले.

"छान," सुनीती म्हणाली. तिला आणखी काही बोलायचा कंटाळा आला होता. विमानातून उतरून आठ दिवस झाले होते आणि ती आठही दिवस दमलेलीच होती.

प्रकरण असं होतं. अडीच वर्षांपूर्वी तिचं अभिनवशी लग्न झालं. अभिनव लहानपणापासून अमेरिकेत वाढलेला, तिथला नागरिक. त्याच्या कंपनीने तेव्हा पुण्यात नवं ऑफिस उघडलं होतं, म्हणून लग्नानंतरचे सात महिने दोघं कर्वेनगरला भाड्याने राहिली आणि मग डॅलसला गेली. नागरिकाची बायको म्हणून तिला तिथे राहायचं कार्ड मिळालं, पण कच्चं, दोन वर्षांचं. ते पक्कं व्हायच्या आत घटस्फोट झाला. आता फेब्रुवारीअखेर तिने एकटीने अर्ज करायचा आणि दाखवून द्यायचं, की बाबांनो, हे लग्न मी कार्डासाठी केलं नव्हतं, संसार खरा होता. नाही पटलं तर कार्ड गेलं, त्याच्या मागोमाग तिथली सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली, आणि बत्तिसाव्या वर्षी या दोन खोल्यांत परत, आईचे उसासे मोजत बसायला.

डॅलसच्या वकीलबाईंनी साफ सांगितलं होतं. तिथलं घर अभिनवचं आधीपासूनचं, तिचं नाव कुठेच नाही. पुण्यातल्या सात महिन्यांचा पुरावा आणा. म्हणून तीन आठवड्यांची रजा काढून ती आली होती.

"त्याच्याकडूनच दोन ओळी का नाही आणत?" बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"त्या मेल्याकडून?" आई स्वयंपाकघरातून कडाडली. "माझ्या पोरीला टाकून दिली त्याने, आणि त्याच्याच दारात उभं राहायचं?"

सुनीती मागच्या मे महिन्यापासून गप्पच होती, कारण अभिनवने तिला टाकलं नव्हतं. तिनेच त्याला सोडलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आई, आम्ही वेगळे झालो." त्यावर आईने विचारलं, "बाहेर कुणी आहे ना त्याचं?" तेव्हा 'नाही' म्हटलं असतं तर 'मग काय झालं' आलं असतं. काय सांगणार होती? दारू नाही, मारहाण नाही, बाई नाही. तिचं मन लागत नव्हतं त्याच्यात, पहिल्यापासून नाही, आणि लागावं म्हणून केलेली खटपट करकरून ती थकली होती. हे कोथरूडमध्ये कुणाला पटवणार? ती बोलली नाही, आणि आईने त्यानंतरच्या आठ दिवसांत सोसायटीभर अभिनवची लफडी रंगवून सांगितली.

सायबर कॅफेत जाऊन सुनीतीने अकरा प्रतिज्ञापत्रं स्कॅन करून पाठवली. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचं उत्तर आलं. हे पाठवलंत तर अर्जावरचा उरलासुरला विश्वासही जाईल. अकरा माणसं एकच वाक्य कशी बोलतात? तुमच्या घरात रोज कोण यायचं, त्याला शोधा आणि त्याच्या शब्दांत लिहून घ्या.

"एकच वाक्य बोलतात म्हणजे?" बाबा दुखावले. "मजकूर कायदेशीर आहे!"

"बाबा, रोज फक्त मालनबाई यायच्या. पोळ्या करायला."

"अगंबाई!" आई म्हणाली. "आता अमेरिकेच्या सरकारला पोळ्यावालीचा दाखला? वा! पेपरवाल्याला पण बोलाव म्हणावं."

पण बोलावलं. मालनबाई अजून कर्वेनगरातच सहा घरच्या पोळ्या करत होत्या. दुपारी दोनला, दोन कामांच्या मधल्या वेळात आल्या, पदराने मान पुसत खुर्चीच्या कडेवर बसल्या. सुनीतीला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वाळलीस गं ताई," म्हणाल्या. आईने चहा ठेवला, पण कान बाहेर. बाबांनी फुलस्केप काढला, समास आखला.

"सांगा मालनबाई. काय काय पाहिलंत?"

"काय पाह्यलं म्हंजे? संसार पाह्यला. साहेब सकाळी च्या करायचे, तिघांचा. मला म्हनायचे, मालनबाई, आधी बसा. आजवर कुन्या घरात मला बसून च्या न्हाई मिळाला."

बाबांनी लिहिलं, 'सदर इसम स्वभावाने मनमिळाऊ...'

"बाबा," सुनीती म्हणाली, "त्या बोलतात तसंच लिहा. प्लीज."

बाबांनी तो कागद बाजूला सारून दुसरा घेतला. त्यांच्या जिवावर आलं, पण घेतला.

"मंग ताईला कावीळ झाली गणपतीच्या आधी. तेल बंद, फोडनी बंद. तर साहेबांनी बी बंद केलं. म्या म्हनलं, तुम्हाला येगळी भाजी टाकते. तर न्हाई. महिनाभर उकडलेला दोडका खाल्ला त्या मानसानं. ताई चिडायची, भांडायची, ताट सारायची. साहेबच उचलायचे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाबांनी मान वर न करता विचारलं, "कोण भांडायचं?"

"ताई. आजारपनात मानूस चिडतंच की," मालनबाई सहज म्हणाल्या. "आन् आता दिवाळीत आले तवा बी ताईचंच बोलत व्हते."

सुनीती पुढे सरकली. "कोण आलं होतं दिवाळीत?"

"साहेब! तुला ठाव न्हाई? हाफिसच्या कामाला आले व्हते दोन दिस. मला साडी आनली. भाऊबीजेला नसतो म्हनले, म्हनून आधीच. म्या इचारलं, ताई कुठं? तर म्हनले, ताईंना माझ्यासंग न्हाई राहायचं, मालनबाई. त्यांची चूक न्हाई, म्या लई समजावलं, पर त्यांचं मन न्हाई. आन् पायरीवर बसून रडले, ताई. एवढा मोठा मानूस. म्या पानी दिलं."

बाबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. अभिनव पुण्यात येऊन गेला होता. इथून दहा मिनिटांवर, कुणाच्या तरी पायरीवर बसून रडला होता, आणि त्याच आठवड्यात आई खाली बाकावर बसून त्याची लक्तरं काढत असणार. सुनीतीला लाज वाटली, आणि इतकी दमणूक झाली की तिथेच जमिनीवर आडवं व्हावंसं वाटलं.

"सुनीती," बाबा म्हणाले. आवाज साधाच होता. "हे लिहायचं का?"

तिला कळत होतं, याहून मोठा पुरावा जगात नव्हता. घटस्फोटानंतर बायकोसाठी पोळ्यावालीपुढे रडणारा नवरा. वकीलबाईंनी आनंदाने उडी मारली असती. आणि तिला हेही कळत होतं, की 'हो' म्हटलं की मेपासून सांभाळलेलं ते गप्प बसणं संपलं. 'राहू दे, तेवढं वगळा' एवढं म्हटलं असतं तरी बाबांनी वगळलं असतं. पुन्हा कधी विचारलंही नसतं. पण मग कार्ड? नुसत्या दोडक्यावर कुणी कार्ड पक्कं करत नाही.

"लिहा," ती म्हणाली. "खरं आहे ते. मीच सोडलं त्याला."

आई दारात येऊन उभी होती. हातात चिमटा तसाच.

बाबांनी शाईचा ठिपका टिपून घेतला. मग म्हणाले, "मालनबाई, दिवाळीचा नेमका दिवस कुठला?"

"पाडवा."

त्यांनी पंचांग काढून तारीख पाहिली आणि लिहिली. सगळं झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं, एकही शब्द न बदलता, 'म्या' आणि 'व्हते'सकट. मालनबाईंनी साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली, एक-एक अक्षर जपून. उद्या नोटरीकडे यायचं कबूल केलं आणि साडेतीनच्या पोळ्यांना पळाल्या.

सुनीती वाट बघत होती, आई रडेल, ओरडेल, 'काय कमी होतं गं त्याच्यात' असं विचारेल. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईने कागद उचलला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला. दोडक्याच्या ओळीवर ती जरा जास्त वेळ थांबली.

"याचं इंग्रजी करणार ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे मिळेल कार्ड?"

"बहुतेक मिळेल आता."

आईने कागदाची नीट घडी केली आणि बाबांच्या हातात दिली.

"बरं झालं. खरं काय ते तिकडच्या सरकारला कळवा. खाली सोसायटीत मी सांगितलंय तेच राहू दे."

"बरं," सुनीती म्हणाली.