सात नंबरची सोबत

उंदीरताईने सकाळी आठला पिंजरे उघडले, एकेका उंदराचं वजन केलं आणि सात नंबरपाशी ती थबकली. उंदीरताई हे नाव तिला गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं; कामच तसं होतं. बाजारात नवी उत्तेजक पावडर आली की तिची चटक किती लागते, ते तिच्या प्रयोगशाळेत उंदरांवर तपासलं जाई. पिंजऱ्यात दोन कळा. एक दाबली की खाणं, दुसरी दाबली की नळीतून विरघळवलेल्या पावडरीचा थेंब अंगात. थेंब दिवसेंदिवस महाग करत न्यायचा: आधी एकदा दाब, मग दहादा, मग शंभरदा. काल सात नंबरने एका थेंबासाठी सहाशे वेळा कळ दाबली होती आणि खाण्याला तोंडही लावलं नव्हतं.

ही पावडर ज्या हिरव्या पुडीत आली होती, तशीच पुडी तिला महिन्यापूर्वी धाकट्या भावाच्या बुटात सापडली होती. वर लिहिलं होतं, झाडांचं खत. प्रयोगशाळेतले साहेब हताशपणे म्हणाले होते की बंदीसाठीचा आपला अहवाल जाईपर्यंत विकणारे दुसरीच पावडर आणतील.

धाकटा गोदामात पार्सलं लावायचा. सलग दोन पाळ्या निभाव्यात म्हणून त्याने पुडी धरली. पुढे काम सुटलं, पुडी सुटली नाही. आईला सगळं ठाऊक होतं. तिचा इलाज घरोघरी चालतो तोच: लग्न लावून द्या, सुधारेल. ताईने विरोध केला, तेव्हा आईने तिचेच शब्द तिच्यावर उलटवले.

"तूच म्हणाली होतीस ना, जोडीनं ठेवले की उंदीर शांत राहतात?"

म्हणाली होती खरी. कोणते उंदीर, हे आईने ऐकून घेतलं नव्हतं.

दुपारी ती घरी परतली, तेव्हा धाकट्याला पाहायला मुलगी आणि तिचे वडील आले. मुलगी शिवणकाम करणारी, बोलायला मोकळी. घरची गोष्ट घरातच राहू दे, असं आईने ताईला आधीच बजावलं होतं. धाकटा दात चावत बसला होता. तीन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"हे काही खात का नाहीत?" मुलीने विचारलं.

"लाजतोय," आई म्हणाली.

ती भरलेली बशी ताईला बघवेना.

"लाजत नाही. त्याला पावडरीचं व्यसन आहे," ती म्हणाली. "आई, जोडीनं ठेवतो ते साधे उंदीर. पावडरीवरच्याला एकटं ठेवतो. सात नंबरच्या उंदराला एकदा चुकून सोबतीण दिली होती. सकाळी तिचा कान तुटलेला होता."

वडील मुलीला घेऊन उठले. आईने कपाळ बडवलं. पोटची पोर नव्हे, वैरीण निघालीस, म्हणाली. धाकटा ताईजवळ आला. तिला वाटलं, हात उगारेल किंवा रडेल.

"तुमच्याकडे तीच पावडर असते ना?" तो हळूच म्हणाला. "थोडी आणशील?"

ताईने वाकून स्वतःच्या हातांनी त्याच्या पायांत बूट चढवले आणि त्याला धरून बाहेर काढलं.

शेजारीण दारातच होती. महिनाभर तिला "बरं नाही त्याला" एवढंच उत्तर मिळत आलं होतं. आजही तिने विचारलं, कुठे निघालात.

"दवाखान्यात. याचं व्यसन सोडवायला," ताई मोठ्याने म्हणाली.

मागे आईने धाडकन खिडकी लावून घेतली. शेजारणीने तिकडे पाहिलं, मग ताईचा दंड धरला.

"आमच्या जावयालाही नेशील का गं? लग्न झाल्यावर सुधारेल म्हणाले होते. लेक माझी वर्षभर मार खातेय."