शेवटून पहिला

विभागांची क्रमवारी जिन्याखालच्या फलकावर लागली, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या उपअभियंता बाईंनी ती वरून वाचायला घेतली. तिथेच चुकलं. खालून वाचली असती तर वेळ वाचला असता. शाश्वत विकासाच्या अंमलबजावणीत प्रदेशातल्या बारा पाणीपुरवठा विभागांपैकी त्यांचा विभाग बारावा आला होता.

या बाईंना कार्यालयात पानाबाई म्हणत, कारण पर्समध्ये रुमाल नसला तरी त्यांना चालायचं, पाना मात्र लागायचाच. तोंडावर तसं म्हणायची हिंमत फक्त पंपदुरुस्तीच्या मिस्त्रींची. मिस्त्रींना सगळं माफ होतं.

बारावं येण्याचं कारण तक्त्याच्या चौथ्या रकान्यात होतं. रकाना 'बंद पडलेल्या हातपंपांचा' आणि आकडा तीनशे बारा. हे तीनशे बाराही पंप मिस्त्रींनी दोन-दोन दिवसांत चालू करून दिले होते, पण चालू केलेल्या पंपांना तक्त्यात रकाना नव्हता. शेजारचा विभाग पहिला आला. तिथे वर्षभरात चार पंप बिघडले होते. तिथली तक्रारवही कारकुनाच्या कपाटात असे, कपाटाची किल्ली कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. पंपांना बिघडायची सोयच नव्हती.

पानाबाईंच्या विभागातली वही कार्यशाळेच्या दाराला सुतळीने बांधलेली होती. ज्याला लिहिता येईल त्याने लिहावं, नाही त्याच्यासाठी मिस्त्री लिहीत. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी काढलेलं परिपत्रक चिकटवलं होतं: 'तक्रार प्रलंबित असेपर्यंत वही जागेवरून हलवू नये.' हे परिपत्रक आपण काढलंय, हे साहेब केव्हाच विसरले होते.

दुपारी साहेबांनी पहिल्या मजल्यावर आपल्या खोलीत बोलावलं. समोर सल्लागार बसले होते. प्रादेशिक कार्यालयांना शाश्वत विकास प्रत्यक्षात उतरवायला मदत करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. ते प्रत्येक वाक्यात 'आपण' म्हणत, आणि त्या 'आपण'मध्ये ते स्वतः कधीच नसत.

"आपण दुरुस्तीत अडकलोय," ते म्हणाले. "दुरुस्ती ही जुनी मानसिकता झाली."

"जुने पंप आहेत," पानाबाई म्हणाल्या. "मानसिकतेचं मला माहीत नाही."

साहेब खोकले. साहेबांच्या खोकण्याचा अर्थ 'जपून' असा होता.

"जुने काढायचे, नवे बसवायचे. नवा पंप पहिली दोन वर्षं बिघडत नाही. तक्ता आपोआप सुधारतो."

"आणि तिसऱ्या वर्षी?"

"तिसऱ्या वर्षी पुढचा टप्पा सुरू होतो."

"काढलेल्या जुन्यांचं काय?"

"पर्यावरणपूरक विल्हेवाट."

"म्हणजे नेमकं कुठे टाकायचे?"

"ते मार्गदर्शक सूचनांत येईल."

मग मूळ मुद्दा निघाला. प्रत्येक विभागात शाश्वत विकास कक्ष उघडायचा होता. त्यासाठी तळमजल्यावरची ऐसपैस, उजेडाची खोली हवी होती, आणि तशी खोली एकच होती: कार्यशाळा. 'सदर जागा वापरात नसून कक्षासाठी देण्यास हरकत नाही' असा कागद तयारच होता. खोली पानाबाईंच्या ताब्यात, म्हणून सही त्यांची लागत होती. शुक्रवारपर्यंत.

राग आला की पानाबाईंचा आवाज चढत नसे, खाली उतरत असे. त्या "बघते" एवढंच म्हणाल्या, तेही साहेबांना दोनदा विचारावं लागलं.

कार्यशाळेत मिस्त्री ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून वायसर कापत बसले होते. भिंतीला मोडके पंप ओळीने टेकवलेले. एकाचा दांडा दुसऱ्याला, दुसऱ्याची साखळी तिसऱ्याला, असं करून उभ्या केलेल्या पंपांना मिस्त्री एकत्र कुटुंब म्हणत. "भांडतात, पण पाणी देतात," असं वर म्हणत.

"काय म्हणतायत पाहुणे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"खोली मागतायत, काका. शाश्वत विकास कक्ष करायचाय."

"शाश्वत म्हणजे काय हो?"

"असलेल्या वस्तू टिकवायच्या. मोडलं म्हणून फेकायचं नाही. पुढच्यांसाठी राखून वापरायचं."

मिस्त्रींनी हातातली कात्री ठेवली, खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हां. म्हणजे आधी हे सगळं बाहेर काढावं लागेल."

घरी पानाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून सगळी कथा सांगितली. नवरा म्हणाला, सही करून टाक, कशाला वाईटपणा घेतेस. सासूबाईंनी वेगळंच विचारलं.

"त्या सल्लागाराने पंप हापसलाय का कधी?"

"वाटत नाही."

"मग जेव तू. त्याच्यापायी उपाशी राहण्यासारखा नाही तो."

जेवण झाल्यावर पानाबाईंनी सल्लागारांनी दिलेली पुस्तिका काढली. पहिली तीस पानं वाचण्यासारखी नव्हती. एकतिसाव्या पानावर मात्र कक्ष कसा असावा याची वीस प्रश्नांची यादी होती. टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर होतो का? होतो. स्थानिक कौशल्य वापरलं जातं का? एकतीस वर्षं. नागरिकांचा थेट सहभाग आहे का? दाराला सुतळीने बांधलाय. पानाबाई कार्यशाळा डोळ्यांपुढे आणून बरोबरच्या खुणा करत गेल्या. एकोणीस झाल्या. विसावा प्रश्न होता: कक्षाचा फलक दर्शनी भागात आहे का?

तो तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पिंपाचं जुनं झाकण ठोकून सपाट केलं आणि त्यावर 'शाश्वत विकास कक्ष' अशी अक्षरं रंगवली. खाली जागा उरली, म्हणून स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: 'हातपंप दुरुस्त करून मिळतील.'

शुक्रवारी साहेब आणि सल्लागार खोलीचा ताबा घ्यायला आले आणि दारातच थांबले.

"हे काय?" सल्लागारांनी विचारलं.

"कक्ष," पानाबाई म्हणाल्या आणि यादी पुढे केली. "तुमच्याच यादीप्रमाणे. वीसपैकी वीस."

सल्लागारांनी यादी वाचली, फलक वाचला, पुन्हा यादी वाचली. साहेबांचा जीव भांड्यात पडला होता, कारण खोली रिकामी करण्यावरून उठणारी ओरड आपल्याच दारात आली असती, हे ते जाणून होते. "मग झालंच की," ते म्हणाले.

सल्लागार हुशार माणूस. पडलो तरी नाक वर, या वाणाचा. दोन मिनिटांत त्यांनी फोटोवाल्याला बोलावलं आणि मिस्त्रींच्या हातातला पाना स्वतःच्या हातात घेऊन पंपाशेजारी उभे राहिले. पाना उलटा धरला होता. मिस्त्रींनी तो सुलटा करून दिला. "आपण उभारलेलं प्रारूप म्हणून हे बाकीच्या अकरा विभागांना दाखवता येईल," सल्लागार म्हणाले.

पानाबाईंनी तेही गिळलं. खोली राहिली होती.

"फक्त दोन गोष्टी. कक्षात काम करणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं लागतं. सोमवारपासून तीन दिवस, मुख्यालयात. विषय आहे 'दुरुस्तीचं महत्त्व'."

मिस्त्री हसले. कुणी हसत नाही असं पाहून थांबले.

"आणि ही वही. कक्षाच्या दारावर तक्रारी बऱ्या दिसत नाहीत. साहेबांच्या कपाटात ठेवू. मागणीनुसार उपलब्ध." असं म्हणत त्यांनी सुतळीच्या गाठीला हात घातला.

पानाबाईंनी वहीवर तळहात ठेवला. आवाज इतका खाली गेला की फोटोवाल्याने कान पुढे केला.

"गाठ सोडू नका. वही कपाटात गेली म्हणून पंप बिघडायचे थांबणार नाहीत, तुमच्या कानावर यायचे थांबतील. बायका तासभर चालत येऊन इथे लिहितात. शेजारच्या विभागातल्या बायका कुठे लिहितात, विचारलंत कधी? पहिला नंबर देताना तरी?"

"आपण भावनिक होतोय."

"आपण नाही. मी होतेय. आणि भावनिक नाही, संतापलेय."

साहेब खोकले. पानाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"हे पाहा, एकही तक्रार प्रलंबित नाही," सल्लागार वही चाळत म्हणाले. "तीनशे बारा, सगळ्या पूर्ण. मग वही हलवायला अडचण काय?"

पानाबाईंनी वही हळूच स्वतःकडे ओढली, मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि उभ्याउभ्या लिहिलं.

'तक्रार क्रमांक ३१३. ठिकाण: मुख्य इमारत, पहिला मजला. बिघाड: दांडा जोरात हलतो, आवाज भरपूर, पाणी येत नाही. स्थिती: प्रलंबित.'

वही साहेबांपुढे धरली. नव्या तक्रारीवर साहेबांची सही लागे, आणि साहेबांनी आजवर सही करण्याआधी काहीही वाचलेलं नव्हतं. त्यांनी सही केली, तारीख टाकली. मग पानाबाईंनी वही मिटून पुठ्ठा वर केला आणि परिपत्रकावर बोट ठेवलं. साहेबांनी ते मात्र वाचलं, कारण खाली त्यांचंच नाव होतं.

"प्रलंबित असेपर्यंत हलवता येणार नाही," साहेब सल्लागारांना म्हणाले. "नियम आहे."

"किती दिवस लागतील?" सल्लागारांनी विचारलं.

मिस्त्रींनी वहीत डोकावून तीनशे तेरा नंबर वाचला. बराच वेळ वाचला.

"अवघड काम आहे," ते म्हणाले. "सुटे भाग मिळत नाहीत याचे."

सोमवारी मिस्त्री दुरुस्तीचं महत्त्व शिकायला गेले. वहीत तीनशे चौदा आणि तीनशे पंधरा नंबर पडले. पानाबाईंनी फलकाखालचं दार उघडलं, दोन वायसर उचलले आणि पर्समध्ये पाना आहे ना, ते चाचपून बाहेर पडल्या. राग अजून उतरला नव्हता. गंजलेले नट सोडवायला तो बरा पडतो.